झॉर्नचे चार रंग

अँडर्स झॉर्न (1860-1920) हा स्वीडनमधल्या मोरा गावचा चित्रकार. 1896 च्या आत्मचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर चारच रंग दिसतात: सफेदा, पिवळी माती, हिंगूळ आणि काळा. निळा नाहीच! तरी त्याने रंगवलेल्या चेहऱ्यांवर कातडीखालची निळसर झाक असते. यातली मेख मला रंग कालवल्यावरच उमगली. आयव्हरी ब्लॅक हा काळा मुळात थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा. सफेद्यात मिसळून तांबूस गालाशेजारी लावला, की डोळा त्याला निळा मानतो. तोच पिवळ्या मातीत घातला तर शेवाळी हिरवा होतो. हनुवटीखालच्या सावलीला मी दुसरं काही वापरतच नाही.

ही काटकसर झॉर्नच्याही आधीची. अपेलिससारखे ग्रीक चित्रकार पांढरा, पिवळा, तांबडा, काळा एवढ्यावर भागवत, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. आपल्या काळातल्या उंची रंगांवर तो जरा चिडलेलाच दिसतो. हल्ली मात्र ‘झॉर्न पॅलेट’ सोवळ्यासारखी पाळतात, ते मला पटत नाही. समुद्र आणि आकाश रंगवताना झॉर्न स्वतः खुशाल निळा घेत असे.