गाडी हवा घेतेय: एका गळतीचा आणि एका बदनामीचा इतिहास

आजचा भाग मोटरसायकलच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात एका कबुलीने करतो. मी एका माणसावर खोटा आळ घेतला होता.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली, कार्बोरेटरवाली जुनी क्रूझर आहे. सर्व्हिसिंग करून आणली आणि पंधरा दिवसांत तिचे नखरे सुरू झाले. गार असताना ठीक. गरम झाली की सिग्नलला आयडलिंग आपोआप वर चढायचं, मग एकदम खाली येऊन गाडी बंद. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. पिकअप तर गेलाच. मी गॅरेजवर गेलो आणि मेकॅनिक काकांना चार लोकांसमोर सुनावलं, की तुम्ही कार्बोरेटरची वाट लावलीत.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी चालू ठेवली, साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली आणली आणि कार्बोरेटर नि इंजिन यांच्या मधल्या रबरावर फवारा मारला. आयडलिंगचा आवाज लगेच बदलला. “हवा घेतेय,” एवढंच म्हणाले. रबराला खालच्या बाजूने चीर होती. ती का पडली? मी हौसेने मोठा एअर फिल्टर घरीच बसवला होता आणि त्याचं वजन पेलणारी पट्टी लावलीच नव्हती. सगळा भार त्या रबरावर. म्हणजे चूक माझी, शिव्या काकांना.

हे सांगायचं कारण असं, की क्रूझरच्या जगात हेच नाटक फार मोठ्या रंगमंचावर होऊन गेलंय. तिथे आरोपी होते एका कारखान्याचे कामगार आणि गाडी होती हार्ले-डेव्हिडसन.

आधी यंत्र समजून घेऊ. हार्लेचं ओळखीचं इंजिन म्हणजे 45 अंशांचं व्ही-ट्विन. दोन सिलिंडर एकामागे एक, इंग्रजी व्ही अक्षरासारखे, आणि दोघांच्या मधल्या बेचक्यात कार्बोरेटर. एकाच कार्बोरेटरमधून दोन्ही हेडकडे फाटा फुटणारी छोटी नळी जाते, ती इनटेक मॅनिफोल्ड. सिलिंडर श्वास आत ओढतो तेव्हा या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो. त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून हवा येते आणि येताना मापात पेट्रोल घेऊन येते. वजनात बघायचं तर 1 भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा.

आता नळीच्या सांध्याला केसाएवढी फट पडली, तर तिथूनही हवा आत जाते. पण ही हवा कार्बोरेटरच्या हिशोबात नसते. फुकटात जेवायला आलेल्या पाहुण्यासारखी! हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं, आपल्याकडे म्हणतात तसं ‘लीन’. आयडलिंगला याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, नळीतली ओढ जोरात असते आणि एकूण हवा थोडी असते. त्या थोड्यात चोरून आलेली हवा मोठी ठरते. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, स्पार्क प्लग पांढरा पडतो, आणि दुर्लक्ष करून गाडी दामटत राहिलात तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून ही बारीक तक्रार नाही. इंजिनच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

हार्लेचं पहिलं व्ही-ट्विन 1909 चं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह चक्क सिलिंडरच्या ओढीनेच उघडायचे, त्यांना ढकलायला वेगळी यंत्रणा नव्हती. ते जमलं नाही. 1911 मध्ये यांत्रिक व्हॉल्व्ह आले आणि मग व्ही-ट्विनने बस्तान बसवलं.

पुढचा टप्पा 1936, ‘नकलहेड’ इंजिन. त्याचा मॅनिफोल्ड दोन्ही हेडना मोठ्या नटांनी आवळलेला असायचा, अगदी नळजोडणीसारखा. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन त्याला आजही ‘प्लंबर’ मॅनिफोल्ड म्हणतात. धातूवर धातू दाबून हवा अडवायची, एवढीच युक्ती.

मग 1948 मध्ये ‘पॅनहेड’ आलं. हेड ॲल्युमिनियमची, सिलिंडर मात्र लोखंडीच. इथे लक्ष द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यात हे व्ही-ट्विन. सिलिंडर तापून उंच झाले की दोन्ही हेड एकमेकांपासून लांब सरकतात, कारण व्हीच्या फांद्या वर जाताना फाकतातच. हे सरकणं मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढं असतं. पण मधला मॅनिफोल्ड दोन्हीकडून घट्ट आवळलेला! गाडी रोज तापणार, रोज गार होणार, वर व्ही-ट्विनची थरथर. सांधा कधीतरी दमणारच.

कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. 1955 मध्ये त्यांनी नट सोडून रबरी ओ-रिंग आणली, वरून क्लॅम्प. रबर थोडं लवचिक, तेवढी हालचाल सहन करेल हा विचार. विचार बरोबर होता, पण जोडणाऱ्याकडून मागणी मोठी होती. दोन्ही हेडची तोंडं मॅनिफोल्डच्या अगदी सरळ रेषेत यायला हवीत. जरा तिरकं बसलं की ओ-रिंग चिमटली जाते आणि एका बाजूने फट राहते. म्हणून अनुभवी मेकॅनिक हेडचे बोल्ट पूर्ण आवळण्याआधी मॅनिफोल्ड लावून बघतात, हेड रेषेत आणतात आणि मगच शेवटचा ताण देतात. आणि कार्बोरेटरला आधार देणारी पट्टी कधीही विसरत नाहीत. हो, तीच पट्टी, जी मी विसरलो.

आता येते बदनामीची गोष्ट. 1969 मध्ये हार्ले-डेव्हिडसन एएमएफ या कंपनीच्या ताब्यात गेली. ही मंडळी बोलिंगच्या खेळाची यंत्रं बनवणारी. उत्पादन जोरात वाढवलं, 1973 मध्ये गाड्यांची अंतिम जुळणी मिलवॉकीहून पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला हलवली. दर्जा घसरला, यात वाद नाही. तेल गळणाऱ्या, आयडलिंगला नाचणाऱ्या गाड्या लोकांच्या पदरात पडल्या. तेव्हापासून एक वाक्य पक्कं झालं: ‘एएमएफच्या कामगारांनी हार्ले बिघडवली.’

माझं म्हणणं असं, की इनटेकच्या गळतीपुरतं तरी हे वाक्य अर्धंच खरं आहे. ओ-रिंगचा सांधा 1955 चा, म्हणजे एएमएफ येण्याच्या 14 वर्षं आधीचा. लोखंडी सिलिंडरवर ॲल्युमिनियमचं हेड ही जोडी त्याहून जुनी, आणि 1966 च्या ‘शोव्हेलहेड’नेही तीच पुढे चालवली. रचनाच अशी होती, की ती सावकाश, निगुतीने जोडणारा हात मागत होती. एएमएफने त्याच रचनेवर घाई लादली. निगुतीची रचना आणि घाईची लाइन एकत्र आली की गळती होणारच. त्यात लाइनवर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं?

उलट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एएमएफच्याच काळात, ओ-रिंगच्या जागी रुंद रबरी पट्टा आला. ज्या ‘एव्होल्यूशन’ इंजिनने पुढे कंपनीला तारलं, त्याचं कामही एएमएफच्याच काळात सुरू झालं. हे श्रेय त्यांना सहसा मिळत नाही.

1981 मध्ये कंपनीच्या 13 अधिकाऱ्यांनी मिळून हार्ले परत विकत घेतली. 1982 मध्ये ते होंडाचा ओहायोतला कारखाना बघून आले. 1983 मध्ये अमेरिकी सरकारने 700 सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवर जबर जकात बसवली. पण घरात झालेला बदल जास्त महत्त्वाचा होता. लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा आणायचा, आणि दर्जा मोजायची जबाबदारी नि अधिकार यंत्रावर काम करणाऱ्या माणसालाच द्यायचा. ज्याच्यावर खापर फुटत होतं, त्याच्याच हातात मोजमाप आलं.

1984 च्या मॉडेलांबरोबर एव्होल्यूशन बाजारात आलं. सिलिंडरही ॲल्युमिनियमचे, आत लोखंडी लायनर. सिलिंडर आणि हेड दोन्हींना क्रॅंककेसपासून वरपर्यंत लांब स्टडनी एकत्र धरलेलं. मॅनिफोल्डला फ्लॅंज आणि बोल्ट, मध्ये मऊ रबरी सील. हा सांधाही रबर कडक झालं की हवा घेतो, अमर कुणीच नसतं. पण आता तो रोजच्या तापण्या-निवण्याशी भांडत नव्हता. 1987 मध्ये कंपनीने स्वतःहून सरकारला सांगितलं, जकात मुदतीआधीच काढा, आता गरज नाही.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. क्रूझर घेतली की आपण काय करतो? मोठा सायलेन्सर, फ्री-फ्लो फिल्टर, मोठा जेट. पण सांधा गळत असेल तर मोठा जेट आजार झाकतो, बरा करत नाही. आयडलिंगला गाडी लीनच राहते आणि जोरात पळवताना उलट पेट्रोल जास्त होतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी रबर, सील आणि क्लॅम्प बघा. गाडी गरम झाल्यावर साबणाचं पाणी फवारून आवाज ऐका. काही जण तापलेल्या इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर मारतात. तो पेट घेऊ शकतो, त्या फंदात पडू नका. आधाराची पट्टी जागेवर आहे का पाहा. मग प्लगचा रंग बघा, आणि शेवटी जेट. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर थोडीफार चूक सांभाळून घेतो, पण फट तिथेही फटच असते.

माझ्या गाडीत नवं रबर पडलं, पट्टी लागली, आणि एक पैशाचा नवा पार्ट न घालता गेलेला पिकअप परत आला. तेव्हा कळलं, परफॉर्मन्स म्हणजे दर वेळी काहीतरी वाढवणं नसतं. जे आहे ते वाया न जाऊ देणं हेही असतं.

काकांची माफी मागितली मी, पण गॅरेज रिकामं असताना. सुनावलं होतं चार लोकांसमोर. म्हणून आज इथे, तुम्हा सगळ्यांसमोर: काका, चूक माझी होती.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडीचं ऐका, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याचंही.