शून्याची दोन इंग्रजी नातवंडे

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची प्रमुख भाषा उर्दू. त्यामुळे गणिताच्या तासाला मुलांच्या कानावर ‘सिफर’ हा शब्द पडे, तर घरी मराठीत ‘शून्य’ किंवा ‘पूज्य’. सिफर हे शून्याचेच अरबी भाषांतर. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘रिकामे’.

अरबांनी भारतीय अंक घेताना शून्य शब्दाचा अर्थ घेतला, उच्चार सोडला. युरोपने नेमके उलट केले. ‘सिफर’चा उच्चार घेतला आणि त्याचे दोन शब्द झाले. फिबोनाचीने १२०२ मधील ग्रंथात त्याला ‘झेफिरम’ असे लॅटिन रूप दिले. ते इटालियनमध्ये झिजत ‘झीरो’ झाले. दुसरे लॅटिन रूप ‘सिफ्रा’. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘सायफर’ बनून आले.

इंग्रजीत सायफर आधी आला, झीरो बराच नंतर. सायफरचा अर्थही आधी शून्य असाच होता. पुढे तो ‘कोणताही अंक’ असा पसरला. रोमन अंकांची सवय असलेल्यांना या पद्धतीत सर्वांत नवलाची वस्तू शून्यच होती, म्हणून तिचे नाव साऱ्या अंकांना चिकटले असावे. गुप्त पत्रांत अक्षरांऐवजी अंक लिहीत, त्यातून ‘सांकेतिक लिपी’ हा अर्थ आला. ‘डिसायफर’ म्हणजे ती उलगडणे. कवडीमोल माणसालाही सायफर म्हणतात, हे ओघानेच आले!

व्याकरणातला फरक अधिक बोलका आहे. झीरो हा संख्याविशेषणासारखा नामापूर्वी येतो आणि पुढचे नाम अनेकवचनी होते : ‘झीरो डिग्रीज’. सायफर असा वापरता येत नाही. क्रियापद म्हणून सायफरचा जुना अर्थ आकडेमोड करणे. झीरोचा अर्थ उपकरणाचा काटा शून्यावर आणणे. आम्ही प्रयोगशाळेत हे रोजच करतो.

थोडक्यात, सायफर ही रिकाम्या घराची खूण राहिली आणि झीरो ही संख्या झाली. मराठीत दोन्ही कामे एकटे ‘शून्य’ करते, आणि वर्गातला घोटाळा इथेच होतो. दोनशे पाच हे २००५ असे लिहिणाऱ्या मुलाला खूण कळलेली नसते. शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच दिले होते. त्याच्या दृष्टीने ती संख्या होती. ‘शून्य म्हणजे काहीच नाही’ असे फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे : ० अंश सेल्सिअसच्या बर्फात उष्णतेची ऊर्जा मुळीच नसते काय? केल्विन मापनात तेच तापमान २७३.१५ भरते.