बावळट, बावयट आणि केयी

आजचा शब्द आहे 'बावळट'.

मी जळगावचा. बीटेक झालं आणि नोकरीसाठी पुण्यात आलो. पहिल्याच महिन्यात कॅन्टीनमध्ये बोलून गेलो, "केयी संपली का?" अख्खं टेबल हसलं. एक जण म्हणाला, "केळी म्हण रे, बावळटा!" मीही हसलो. पण तेव्हापासून आईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायचो. सहा वर्षं हेच.

गंमत म्हणजे या शब्दाची कुंडली काढली, तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो.

मूळ संस्कृत शब्द 'वातुल', म्हणजे वात चढलेला, भ्रमिष्ट. तापात कोणी बरळायला लागलं की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "वात झालाय." प्राकृतात मधला 'त' गळाला आणि 'वाउल' झालं. पुढे हिंदीत बावला, मराठीत बावळा. बंगालच्या बाऊल गायकांचं नावही अनेक अभ्यासक इथेच जोडतात. मराठीत मात्र वेडाचा अर्थ ओसरला. चारचौघांत कसं वागावं-बोलावं हे ज्याला कळत नाही, तो बावळट.

आता त्यातला 'ळ' बघा. संस्कृतातल्या 'ल'चा मराठीने 'ळ' केला: फल-फळ, काल-काळ, कदली-केळी. खानदेशने आणखी एक पाऊल टाकलं आणि 'ळ'चा 'य' केला: फय, काय, केयी. धुळ्याकडची अहिराणी घ्या, नाहीतर जळगावकडची लेवा बोली, दोन्हीत हेच. माझे आजोबा तर 'जयगाव'च म्हणायचे. त्याच हिशोबाने बावळटचं होतं बावयट.

म्हणजे 'ल'चा 'ळ' केला तर शुद्ध मराठी, आणि 'ळ'चा 'य' केला तर बावळटपणा? हे ठरवलं कोणी?

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या 1951 साली गेल्या. 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. छापताना 'य' खोडून 'ळ' केला नाही, हे किती बरं झालं! शाळेत आपण सगळ्यांनी मनाला 'वढाय' म्हटलं ना? तो आपला वढाळच. तेव्हा वर्गात कोणी हसलं नव्हतं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे.

हे सगळं वाचत होतो त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मी कॅन्टीनमध्येच होतो. "येड्या, जेवला का?" वेड्याचा येड्या, आणि आईच्या तोंडी तो निव्वळ लाड.

या वेळी मी जिन्यात गेलो नाही. तिथेच बसून, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "जेवलो गं. केयी बी खाल्ली."

भेटू पुढच्या भागात!