'जपानी माल' : एका शब्दाचा अर्थपालट व टोयोटा घराण्याचा इतिहास

परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाटा हें ठिकाण इतिहासांत प्रसिद्ध नाहीं. जालन्याहून मंठ्यावरून जिंतुराकडे जाणाऱ्या रस्त्याला येथें सेलूचा रस्ता फुटतो, एवढेंच त्याचें महत्त्व. सेवानिवृत्त झाल्यापासून प्रस्तुत लेखक सकाळीं फिरावयास तेथपर्यंत जातो व चहाच्या टपरीसमोरील बाकावर घटकाभर टेकतो. एके दिवशीं तेथें भाड्याची एक टोयोटा गाडी उभी होती. गाडी किती चालली, असें तिच्या ड्रायव्हरास सहज विचारतां तो म्हणाला, "चार लाखाच्या वर झाली, गुर्जी. जपानी माल हाय, मरत नसतो."

हें उत्तर ऐकून लेखकास आपल्या वडिलांचें स्मरण झालें. खेळणें दोन दिवसांत मोडलें किंवा छत्रीची काडी पहिल्याच वाऱ्यांत तुटली, कीं ते म्हणत, "जपानी माल!" शब्द तेच, अर्थ अगदीं उलट. शब्दांचे अर्थ पालटतात हें संस्कृताच्या विद्यार्थ्यास नवीन नाहीं. 'साहस' हा शब्द स्मृतिग्रंथांत बळजबरीच्या गुन्ह्यास लाविलेला आढळतो. मराठींत तो स्तुतिपर झाला. परंतु त्यास शतकें लागलीं. 'जपानी माल' ह्या शब्दांचा अर्थ बाप व मुलगा एवढ्या दोन पिढ्यांतच फिरला. तो कसा फिरला, ह्याचा विचार ज्या घराण्याची गाडी त्या दिवशीं फाट्यावर उभी होती, त्याच्याच इतिहासाच्या आधारें करावा, असें योजिलें आहे. ह्या घराण्याचा धागा महाराष्ट्राच्या इतिहासांत दोनतीन ठिकाणीं गुंतला आहे, हेंहि त्याचें एक कारण होय.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या बाजारांत जपानी कापड, कांचसामान व खेळणीं ह्यांची रेलचेल झाली. तो माल स्वस्त होता, आणि स्वस्त तें हलकें अशी ग्राहकाची समजूत असतेच. येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. त्या काळीं जपान देशाविषयीं आमच्या लोकांस अनादर नव्हता. १९०५ सालीं त्यानें रशियाचा पराभव केल्यापासून आदरच वाढला होता. अनादर होता तो मालाविषयीं. राष्ट्राची कीर्ति व त्याच्या वस्तूंची कीर्ति ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि एकीवरून दुसरीचें अनुमान करणें युक्त नव्हे.

ह्या मालाशीं आमच्या प्रांताचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता. जपानी गिरण्यांस हिंदुस्थानचा आंखूड धाग्याचा कापूस लागे. तो नेण्यासाठीं १८९३ सालीं जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें निप्पोन युसेन कैशा ह्या जपानी आगबोट कंपनीनें मुंबईची फेरी सुरू केली. पुढें त्याच कापसाचें कापड होऊन इतकें परत येऊं लागलें कीं, १९३३ सालीं सरकारनें ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. जपानी गिरणीवाल्यांनीं उलट हिंदी कापसावर बहिष्कार घातला. अखेर १९३४ च्या करारानें तडजोड झाली ती अशी : जपाननें वर्षांत १० लक्ष गांठी कापूस घ्यावा व ३२ कोटि ५० लक्ष वार कापड विकावें, १५ लक्ष गांठी घेतल्यास ४० कोटि वारांपर्यंत विकावें. म्हणजे जपानी कापडाची निंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव कांहीं अंशीं त्याच कापडाच्या खपावर अवलंबून होता. आमचा भाग तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, तरी येथील कापसास वाट मुंबईचीच होती.

हें कापड इतकें स्वस्त कां पडे? मजुरी कमी व चलनाचा भाव उतरलेला, हीं कारणें सर्वश्रुत आहेत. तिसरें कारण माग. टोयोटा घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोदा हा १८६७ सालीं आजच्या शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत सुताराच्या घरीं जन्मला. 'टोयोदा' ह्या नांवाचा अर्थ 'समृद्ध भातशेत' असा आहे. मोटारीसाठीं त्याचें 'टोयोटा' हें रूप १९३६ सालीं पत्करण्यांत आलें. साकिचीनें १८९० सालीं लांकडी हातमाग सुधारला, १८९६ सालीं यंत्रशक्तीनें चालणारा माग केला, व १९२४ सालीं चालू मागांतच धोटा आपोआप बदलणारें यंत्र सिद्ध केलें. ह्या मागाचें मर्म त्याच्या वेगांत नाहीं, थांबण्यांत आहे. ताण्याचा एक धागा तुटला कीं माग तत्काळ बंद पडे. तुटक्या धाग्यावर कापड पुढें विणलें जात नसे, आणि म्हणूनच प्रत्येक मागापाशीं माणूस उभा करण्याचें कारण उरलें नाहीं. एक कामगार तीसतीस माग सांभाळूं शके. पुढें मोटारीच्या कारखान्यांत दोष दिसतांच कोणाहि कामगारानें दोरी ओढून काम थांबवावें, अशी जी पद्धति प्रसिद्ध झाली, तिचें बीज येथें आहे. 'जिदोका' ही तिची संज्ञा.

१९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स ह्या जुन्या कंपनीनें ह्या मागाचे हक्क घेण्याचा एक लक्ष पौंडांचा करार केला. लँकेशायरच्या यंत्रांवर आमच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्याच लँकेशायरनें सुताराच्या मुलापुढें हात पसरावा, हा प्रसंग लहान नव्हे. ह्याच पैशांतून साकिचीनें आपला पुत्र किइचिरो यास मोटारी करण्यास सांगितलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. अलीकडील जपानी संशोधनानें हिच्याविषयीं बरीच शंका उत्पन्न केली आहे. रक्कम पुरती मिळालीच नाहीं, करार मागाहून कमी करावा लागला, आणि मोटारींत पुढें जो पैसा गेला त्यापुढें ती रक्कम थोडीच होती. पित्यानें दिलेल्या द्रव्यावर पुत्राचा पराक्रम, हा बखरींतील आवडता सांचा आहे. तो जपानांतहि असावा, एवढेंच म्हणतां येईल.

आतां समकालीन महाराष्ट्राकडे पाहूं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, म्हणजे साकिचीच्या मागून दोनच वर्षांचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवीं आले. तेथें सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते ह्या समजुतीमुळें पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. एकानें कोष्ट्याचें दुःख पाहिलें, दुसऱ्यानें कुणब्याचें. दोघांसहि प्रथम उपहासच वांट्यास आला. येथपर्यंत दोन्ही चरित्रें समांतर चालतात.

फांटा पुढें फुटतो, आणि तो बुद्धीच्या कमीअधिकपणामुळें नव्हे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२७ सालीं ओसाका येथें व १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचे कारखाने काढले. म्हणजे दोन्ही देशांची स्थिति सारखीच होती. जपान सरकारनें १९३६ सालीं कायदा करून परकीय कंपन्यांस आळा घातला व देशी मोटारीस आश्रय दिला. त्याच सुमारास सर विश्वेश्वरय्या यांनीं मोटार कारखान्याची योजना मांडली व सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं ती उचलून धरली. पण आमच्या परकीय सरकारनें हात आंखडला. प्रीमियर कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली व तिच्या गाड्या १९४७ पासून निघूं लागल्या. ज्यांस जपान्यांचा गुण उपजत वाटतो, त्यांनीं ह्या सनावळीचा विचार करावा.

आणि जपानी मोटार तरी प्रथम कशी होती? किइचिरोची पहिली मालमोटार १९३५ सालीं प्रदर्शनासाठीं टोकियोस निघाली, ती वाटेंतच सुकाणूचा भाग मोडून अडली. विकलेल्या गाड्या वारंवार बंद पडत. कंपनीचे लोक त्या जागेवर जाऊन दुरुस्त करीत व काय मोडलें तें लिहून आणीत. १९५० सालीं कंपनी बुडण्याच्या बेतांत आली. सुमारें १६०० कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला, व किइचिरोनें अध्यक्षपद सोडलें. कोरियाच्या युद्धांतील मालमोटारींच्या मागणीनें ती तरली, हें तिच्या स्तुतिपाठकांनीं विसरूं नये. १९५७ सालीं 'क्राउन' गाडी अमेरिकेस गेली. तेथील लांबरुंद रस्त्यांवर तिचा दम तुटला व १९६० सालीं ती परत घ्यावी लागली. वडील "जपानी माल" म्हणत, तें मोटारीपुरतें तरी ह्या काळापर्यंत अन्यायाचें नव्हतें. पुढच्या वीस वर्षांत ताईइची ओनो प्रभृति अभियंत्यांनीं दोष जेथें उपजला तेथेंच थांबविण्याची मागाची रीत साऱ्या कारखान्यांत मुरविली. अर्थ फिरला तो ह्या वीस वर्षांत.

तरीहि हिंदुस्थानांत ती कीर्ति आपोआप चालून आली नाहीं. डीसीएम-टोयोटा ही संस्था १९८३ सालीं स्थापन होऊन उत्तर प्रदेशांत सूरजपूर येथें हलक्या मालमोटारी करूं लागली. निसान, माझदा व मित्सुबिशी ह्यांच्या साहाय्यानें आणखी तीन देशी संस्था त्याच व्यवहारांत उतरल्या. १९८५ नंतर येनचा भाव चढला व जपानहून येणारे सुटे भाग महागले. इतक्यांत १९८६ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यानें ४०७ ही गाडी काढली. आमच्या भागांत बाजारचा भाजीपाला, लग्नाचें वऱ्हाड व ऊसतोडीचे संसार हें सर्व तिनें वाहिलें. ती येथल्या खड्ड्यांसाठीं व येथल्या ओझ्यासाठीं घडविली होती, आणि तिचा भाग कोणत्याहि तालुक्यास मिळे. नव्वदीच्या मध्यास डीसीएम-टोयोटा कोरियाच्या देवू कंपनीच्या हातीं गेली. नांव टोयोटाच होतें, परंतु नांवानें गाडी विकली गेली नाहीं. ह्या पराभवाचा उल्लेख टोयोटाच्या येथील इतिहासांत क्वचितच येतो, म्हणून तो मुद्दाम नोंदविला.

दुसरा प्रवेश किर्लोस्करांच्या हातानें झाला, आणि तोहि पुन्हां सुताच्या धाग्यानें. १९९५ सालीं दोन्ही घराण्यांनीं बंगळूरनजीक सूतकताईच्या यंत्रांचा कारखाना काढला, व १९९७ सालीं टोयोटा किर्लोस्कर मोटार ही कंपनी झाली. तिच्यांत पुढाकार लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांचा; ते २०२२ सालीं निवर्तले. कंपनींत किर्लोस्करांचा वांटा लहान आहे, ही गोष्ट मात्र अभिमानाच्या भरांत आपण झांकून ठेवितों. २००० सालीं बिडदी येथून 'क्वालिस' निघाली. ती इंडोनेशियांतील एका जुन्या घाटणीच्या गाडीवरून केलेली व ओबडधोबड होती. जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. भाड्यानें गाडी हांकणाऱ्यांनीं मात्र ती उचलली, कारण त्यांचा हिशेब रूपाचा नसून महिन्यांतून किती दिवस गाडी उभी राहते ह्याचा असतो. २००५ सालीं तिच्या जागीं 'इनोव्हा' आली. फाट्यावरच्या ड्रायव्हराचा शब्दार्थ ह्या दोन गाड्यांनीं घडविला. तो जाहिरातींतून आलेला नाहीं.

ह्या कीर्तीस मोठा तडा २००९-१० सालीं गेला. पायाखालचीं जाजमें व वेगाचा दांडा अडकण्याच्या दोषावरून जगभर ऐंशी लक्षांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचा पणतू आकिओ टोयोदा यास २४ फेब्रुवारी २०१० रोजीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें उभें राहून क्षमा मागावी लागली. कंपनी वेगानें वाढली व तिचा अग्रक्रम ढळला, अशी कबुली त्यानें दिली. परंतु २०१४ सालीं अमेरिकेंत १२० कोटि डॉलरांचा जो दंड झाला, तो दोषासाठीं नव्हता. दोषाविषयीं लोकांची दिशाभूल केली म्हणून होता. धागा तुटणें आणि तुटलेला धागा झांकून माग चालविणें, ह्यांतील दुसरा अपराध साकिचीच्या वंशजांस अधिक लाजिरवाणा आहे, असें आमचें मत आहे.

अगदीं अलीकडची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. साकिचीच्या मागांसाठीं १९२६ सालीं जी संस्था स्थापन झाली, तीच आज टोयोटा इंडस्ट्रीज ह्या नांवानें डिझेल एंजिनें करिते. जानेवारी २०२४ मध्यें असें उघड झालें कीं, तीन प्रकारच्या एंजिनांच्या शक्तीची सरकारी चांचणी घेतांना, विक्रीच्या एंजिनांहून निराळी आज्ञावली वापरून आंकडे नीटस करून दाखविले होते. हीं एंजिनें येथील इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स ह्या गाड्यांत होतीं. त्यांची रवानगी येथेंहि कांहीं दिवस थांबविण्यांत आली होती. ज्या घरांत तुटका धागा ओळखणारा माग जन्मला, त्याच घरांत हें घडलें. आणि बंगळूरनजीकचा तो सूतकताईच्या यंत्रांचा कारखाना? त्यानेंहि नांव बदलून पुढें डिझेल एंजिनें करण्यास आरंभ केला.

त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं महाराष्ट्र सरकार व टोयोटा किर्लोस्कर ह्यांच्यांत छत्रपती संभाजीनगर येथें मोटारींचा कारखाना काढण्याचा सामंजस्य करार झाला. सुमारें २०,००० कोटि रुपयांचा आंकडा त्या वेळीं सांगण्यांत आला. देवगांव फाट्याहून तें शहर जालन्याच्या वाटेनें सरळ गांठतां येतें. ही वार्ता लेखकानें त्या ड्रायव्हरास सांगितली. त्यानें चहाचा पेला ठेविला व विचारलें, "मग ती गाडी जपानीच म्हणायची, का आपली?" लेखकास तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. तेवढ्यांत सेलूचे उतारू आले आणि गाडी निघून गेली.