चर्चचा सॅक्रिस्टन आणि वसईच्या घंटा

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव शंकराचार्यांच्या समाधिमंदिरामुळे आणि कार्तिकातील यात्रेमुळे सर्वपरिचित असले, तरी येथील होली क्रॉस चर्चभोवती कॅथलिकांचा धर्मग्राम, म्हणजे एका प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखालील भाविकसमाज, नांदतो. धर्मग्रामातील उपासना वेळेवर आणि रीतीप्रमाणे पार पडावी म्हणून पडद्यामागे राबणारा सेवक म्हणजे सॅक्रिस्टन.

हे पद जुने आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी 1234 मध्ये प्रसृत केलेल्या धर्मनियमसंग्रहात पवित्र पात्रे व वस्त्रे सांभाळणारा आणि दिवे, घंटा यांची निगा राखणारा अशा दोन सेवकांची कर्तव्ये स्वतंत्र प्रकरणांत दिली आहेत. लहान चर्चमध्ये ही दोन्ही कामे साहजिकच एकाच्याच गळ्यात पडत. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढे या भागात चर्चे उभी राहिली, तेव्हा त्यांच्याबरोबर हा व्यवस्थाक्रमही येथे रुजला.

मिस्सेपूर्वी द्राक्षारसाचा प्याला आणि बेखमीर भाकरीच्या चकत्या, म्हणजे ओस्त्या, मांडणे, मेणबत्त्या लावणे आणि दिवसाला साजेशा रंगाचा झगा काढून ठेवणे हे सॅक्रिस्टनचे नित्याचे काम. प्रायश्चित्तकाळात जांभळा, तर ज्या क्रूसाचे नाव निर्मळच्या चर्चला आहे त्याच्या सणाला, 14 सप्टेंबरला, लाल रंग लागतो. राखेच्या बुधवारी कपाळी लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात, म्हणून त्या वर्षभर जपाव्या लागतात. आणि प्याला पुसण्याची वस्त्रे पहिल्यांदा धुतलेले पाणी गटारात न सोडता थेट मातीत मुरवावे लागते.

घंटेचे काम मात्र अवघ्या गावाशी जोडलेले. दूतसंदेशाच्या प्रार्थनेसाठी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तसेच कोणी निवर्तल्यास संथ लयीत ती वाजे, आणि पवित्र गुरुवारच्या गौरवगीतापासून पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत ती मुकी ठेवून लाकडी खुळखुळा वापरला जाई. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर येथील अनेक घंटा देशावरच्या मंदिरांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721, तर वाईजवळच्या मेणवलीतील घंटेवर 1707 हे साल कोरलेले आहे. या घंटांवर लेखकांनी भरभरून लिहिले, पण त्या रोज वाजवणाऱ्या सेवकांकडे क्वचितच कोणी वळून पाहिले, ही वसईच्या इतिहासलेखनातील उणीव मानली पाहिजे.

दीक्षाविधीत ज्याच्या हाती चर्चच्या किल्ल्या देत आणि ज्याच्याकडून घंटा वाजवून घेत, ती ‘द्वारपाल’ ही कनिष्ठ दीक्षा पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये रद्द केली. सॅक्रिस्टनचे काम मात्र चालूच असून मिस्सेच्या नियमावलीतही त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. वसईतील धर्मग्रामांचे इतिहास यापुढे लिहिताना धर्मगुरूंच्या यादीशेजारी या सेवकांचीही यादी, वयोवृद्धांना विचारून का होईना, छापली जावी.