मशेरीचा तवा

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. १६०४च्या सुमारास असद बेग याने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तिथल्या हकिमाने हरकत घेतली होती. पुढे मराठी घरांत ती दंतमंजन होऊन शिरली. तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची, बोटाने दात-हिरड्यांना लावायची, ती मशेरी. बाईमाणसाने विडी ओढलेली खपत नसे. मशेरीला मात्र कुणाची ना नव्हती! दाढेचा ठणका घटकाभर बधिर होई, म्हणून ते औषधच वाटे. प्रत्यक्षात हिरड्या दातांपासून सुटतात, दात हलतात, गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. १९९२मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. ती कारखान्यांसाठी; घरच्या तव्यापर्यंत ती पोचत नाही.