पेट्रोमॅक्सच्या जाळीतलं थोरियम

मिठबावसारख्या कोकणातल्या गावांत वीज यायच्या आधी दशावतार रंगायचा तो पेट्रोमॅक्सच्या उजेडात. त्या बत्तीत एक नाजूक पांढरी जाळी असायची, मेंटल. तो लखलखाट थोरियम ऑक्साईडचा. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाईट वाळूतून हे थोरियम निघतं. १९५५ साली मुंबईत ट्रॉम्बेला कारखाना सुरू झाला आणि मेंटलवाल्यांना लागणारं थोरियम नायट्रेट तिथे बनू लागलं.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). हेच थोरियम ऑक्साईड एकेकाळी पेशंटच्या रक्तात टोचत असत.

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, रक्तवाहिन्या दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून किरणं अडवणारं काहीतरी रक्तात सोडावं लागतं. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये सोडियम आयोडाईड टोचून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले, पण ते पेशंटला झेपत नसे. मग जर्मनीतून थोरोट्रास्ट आलं. फोटो सुरेख, पेशंटला लगेच काही त्रास नाही. मोनिझ १९३१ मध्ये त्याकडे वळले.

अडचण एकच. ते शरीरातून बाहेर पडतच नव्हतं! लिव्हर आणि प्लीहेत जाऊन बसायचं. थोरियममधून निघणारे अल्फा कण आपली कातडीसुद्धा अडवते, त्यामुळे टांगलेल्या जाळीतून ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. पण तोच कण लिव्हरच्या आत सुटला तर शेजारच्या पेशीवरच आदळणार. तेही रोज, जन्मभर. थोरियमचं अर्धआयुष्य आहे सुमारे १४०० कोटी वर्षं! अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९३२ मध्येच धोक्याची सूचना दिली होती, तरी वापर १९५० च्या दशकापर्यंत चालू राहिला. लिव्हरचे कॅन्सर दिसू लागले ते वीस-तीस वर्षांनी. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग पास, बग वीस वर्षांनी, आणि रोलबॅकची सोयच नाही.

आज सीटी स्कॅनला आयोडीनची औषधं देतात. किडन्या धड असतील तर ती बहुतेक सगळी एका दिवसात लघवीवाटे जातात. एमआरआयच्या गॅडोलिनियमचा धडा मात्र २००६ मध्ये मिळाला. किडन्या निकामी झालेल्या काही पेशंटची कातडी दगडासारखी घट्ट होत होती, त्याचा संबंध या औषधाशी लागला. त्यानंतर गॅडोलिनियम जास्त घट्ट धरून ठेवणारी औषधं पसंत केली जाऊ लागली.

तेव्हा स्कॅनच्या आधी क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, की 'उगाच खर्च' म्हणून कुरकुरू नका. फोटो किती छान येतो हा अर्धाच प्रश्न आहे मंडळी. आत घातलेलं बाहेर कसं येणार, हा उरलेला अर्धा.